त्या दुपारी यूपीएस कशावर चालला?

इथले अनुभव मी बरेच महिने वाचतेय. जवळजवळ प्रत्येकजण आधी सांगतो की माझा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता. वाचताना मला हसू यायचं... आता लिहायला बसले तर माझीही सुरुवात तीच होतेय, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आमच्या घरात ह्या विषयाला थाराच नव्हता. आम्ही बौद्ध, आणि पप्पा तर त्याबाबतीत फारच कडक. लहानपणी आम्ही कल्याणला चाळीत राहायचो. शेजारच्या एका बाईच्या अंगात यायचं. चाळीतली सगळी पोरं बघायला धावायची, पप्पा मला दंडाला धरून घरात आणायचे आणि समोर गणिताचं पुस्तक ठेवायचे. "तिचं घरात कोणी ऐकत नाही, म्हणून तिच्या अंगात येतं," असं म्हणायचे. "ऐकून घेतलं की जाईल." एवढंच. घाबरवणं नाही, चेष्टा नाही. मी त्याच घरात वाढलेय.

आता जागा सांगते. टिटवाळा पूर्वेला नवीन टॉवर झालेत त्यातल्या एकात, सातव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. घरात मी आणि पप्पा, दोघंच. आई कल्याणला असतानाच गेली, त्याला बरीच वर्षं झाली. हे घर तिने पाहिलंच नाही.

पप्पा कोलशेतच्या एका कारखान्यात होते. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी त्यांना धाप लागायला लागली. फुप्फुसं कडक होत चाललीत, असं डॉक्टर म्हणाले. कशाने ते नक्की सांगता येणार नाही, आणि बरंही होणार नाही. मग घरी ऑक्सिजनचं मशीन आलं... कॉन्सन्ट्रेटर. छोट्या कपाटाएवढं, भिंतीतल्या प्लगवर चालणारं. हवा आत ओढतं आणि नळीतून ऑक्सिजन देतं. दिवसरात्र त्याची घरघर. लाईट गेलीच तर म्हणून पलंगाशेजारी एक सिलेंडर उभा असायचा.

मी एका कंपनीत हॉस्पिटलच्या बिलांचे क्लेम तपासायचं काम करते. ऑफिस ठाण्याला. पप्पांमुळे मला घरून काम करायची परवानगी मिळाली होती. पण टिटवाळ्यात लाईट जायची, वायफाय बंद, मॉनिटर बंद, मी गायब. एकदा आमच्या मॅडमचा फोन आला.

"प्रज्ञा, तू परत ऑफलाइन दिसतेयस."

"लाईट गेलेली मॅडम."

"मला कळतं गं. पण वरून विचारणा होतेय. असंच चाललं तर तुला ठाण्याला यायला सांगावं लागेल, माझ्या हातात नाही राहणार."

ठाण्याला जायचं म्हणजे सकाळी निघून रात्री परत. तेवढा वेळ पप्पांजवळ कोण? मी फोन ठेवला आणि मोबाईलवर यूपीएस शोधायला लागले.

खरं सांगते, तेव्हा मला काही वाटेनासंच झालं होतं. काळजी नाही, राग नाही, रडू नाही. पप्पांच्या बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा, आकडा बघायचा, परत लॅपटॉपवर बसायचं. कोणी विचारलं कशी आहेस, तर मी "ठीक" म्हणायचे आणि ते खरंच असायचं. ठीक म्हणजे कोरं.

तर यूपीएस. मी त्याच कोरेपणाने सगळं वाचून काढलं. व्हीए वेगळं, वॅट वेगळे, खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते खरं कामाचं नसतं, वगैरे. शेवटी एका शनिवारी काकूंना पप्पांजवळ बसवून कल्याणला गेले. काकू म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या सावंत काकू, मूळच्या मालवणच्या, एकट्या राहतात.

दुकानदार माझ्या वडिलांपेक्षा थोडा लहान असेल. त्याने आधी विचारलं, "काय काय लावणार ते सांगा. मग बोलू."

"लॅपटॉप, एक मॉनिटर, वायफायचे दोन डबे. एक छोटा प्रिंटर."

"लेझर?"

"हो."

"प्रिंटर ह्याच्यावर लावायचा नाही. तो सुरू होताना एकदम खेचतो, यूपीएस बसेल खाली. त्याला भिंतीत राहू दे. बाकीच्याला किती वेळ पाहिजे?"

"लाईट येईपर्यंत."

तो हसला. "ते कोणीच नाही देऊ शकत मॅडम. काम सेव्ह करून, मीटिंग संपवून उठता येईल, एवढा वेळ देतो." मग त्याने एकदम विचारलं, "घरात कुठलं मेडिकलचं मशीन आहे का?"

मी ऑक्सिजनचं सांगितलं.

"ते चुकूनसुद्धा ह्याच्यावर नाही लावायचं. त्याच्यासाठी मोठा इन्व्हर्टर, मोठी बॅटरी, वेगळं वायरिंग... ते करून घ्या सवडीने. पण ह्याच्यावर नको. दोन-चार मिनिटं चालेल नाहीतर तेवढंही नाही."

इन्व्हर्टरसाठी सोसायटीची परवानगी लागणार होती, तो अर्ज मी दिला. यूपीएस रिक्षात घालून घरी आणला. चांगला जड होता. टेबलाखाली ठेवला, पिन भिंतीत लावली, हिरवा दिवा लागला. मॉनिटर लावला, चालला. मला वाटलं झालं. त्यानंतर बरेच दिवस, का कोण जाणे, लाईट गेलीच नाही.

आणि मग मे महिन्यातली ती दुपार.

जेवण झालं होतं. पप्पा आतल्या खोलीत पडलेले, मी हॉलमध्ये कामाला. बाहेर कुठेतरी मोठा आवाज झाला आणि पंखा थांबला. कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर गेला होता, ते नंतर कळलं. मॉनिटर मात्र चालू राहिला. वायफाय चालू. मी मनात म्हटलं, चला, काम झालं त्याचं.

तेवढ्यात आतून पप्पांच्या मशीनचा अलार्म सुरू झाला.

मी आत धावले. मशीन बंद पडलेलं, पप्पा कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करत होते. सिलेंडर जागेवर नव्हता. त्याच सकाळी तो भरायला नेलेला, दुसरा घेऊन माणूस दुपारपर्यंत येणार होता. फोन लावला तर म्हणाला, "ताई, खालीच आहे, पण लिफ्ट बंद, वॉचमन सांगतो जनरेटर चालत नाही. टेम्पोवर एकटा आहे, एवढा मोठा सिलेंडर सात मजले कसा चढवू? बघतो कोण मिळतं का." ॲम्ब्युलन्सला फोन केला. कल्याणवरून निघते म्हणाले, रस्त्यात ट्रॅफिक आहे. पप्पांच्या ओठांचा रंग बदलायला लागला होता.

मी काय केलं ते नीट सांगते, कारण सगळं त्यावर आहे. मी हॉलमध्ये गेले, यूपीएसला लावलेल्या सगळ्या वायरी उपटल्या. यूपीएसची स्वतःची पिन भिंतीतून काढली. तो उचलून पप्पांच्या खोलीत आणला आणि पलंगाजवळ लादीवर ठेवला. त्याची पिन तशीच लादीवर पडलेली. मशीनची पिन यूपीएसच्या मागे लावली आणि बटण दाबलं.

मशीन सुरू झालं.

दुकानदाराचं बोलणं आठवत होतं. दोन-चार मिनिटं. म्हटलं तेवढी तर तेवढी, तोवर कोणीतरी येईल. पप्पांच्या नाकाला नळी नीट बसवली, त्यांच्या बोटाला चिमटा लावला, आणि यूपीएसवर हात ठेवून खाली बसले.

दोन-चार मिनिटं गेली. मग आणखी गेली. मशीन चालूच.

दोन गोष्टी मला तेव्हाच खटकल्या होत्या, पण त्यांचं काही करावं असं वाटलं नाही. एक म्हणजे यूपीएस बॅटरीवर चालायला लागला की टुक टुक आवाज करत राहतो, कोणाच्याही ऑफिसात ऐकला असेल. हा गप्प होता. दुसरं म्हणजे तो तापायला हवा होता. माझा हात त्याच्यावर होता आणि तो माठासारखा गार लागत होता. मे महिन्यात, बंद पंख्याखाली.

मी घाबरायला हवं होतं. नाही घाबरले. पप्पांच्या बोटावरचा आकडा हळूहळू चढत होता आणि मी तो बघत होते, बस.

थोड्या वेळाने पप्पांनी डोळे उघडले. पलंगाच्या पायथ्याकडे बघत म्हणाले, "दमली असशील. हात बदल जरा."

मी म्हटलं, "मी काही धरलेलं नाहीये पप्पा. नुसता हात ठेवलाय."

"तुला नाही म्हणत," ते म्हणाले आणि परत डोळे मिटले.

ऑक्सिजन कमी झाला की माणूस असंबद्ध बोलतो, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी पायथ्याकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. चादरीची घडी होती, भिंत होती.

सावंत काकू आल्या. दार मी मघाशीच सिलेंडरवाल्यासाठी उघडं ठेवलेलं. हातात पंखा, घामाने डबडबलेल्या.

"अगं, तुमच्याकडे लाईट आली की काय? मशीनचा आवाज येतोय म्हणून आले. आमच्याकडे तर अजून नाही."

"नाही काकू. यूपीएसवर चाललंय."

काकूंनी खाली बघितलं. "पण ह्याची पिन तर इथे लोळतेय."

"आत बॅटरी असते."

"एवढा वेळ पुरते?"

काकू पलंगाच्या कडेला बसल्या आणि पप्पांना वारा घालायला लागल्या. मधेच त्यांनी हात जोडून काहीतरी पुटपुटलं. पप्पा जागे असते तर त्यांनी टोकलं असतं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, मी घड्याळ बघितलं नव्हतं. लाईट गेली तेव्हा ऊन खिडकीच्या चौकटीवर होतं. जिन्यात पावलं वाजली तेव्हा ते समोरच्या कपाटावर पोचलेलं. काकू म्हणतात त्यांची चहाची वेळ होऊन गेली होती.

ॲम्ब्युलन्सचे दोघेजण सात मजले चढून आले, धापा टाकत. एकाच्या खांद्यावर छोटा सिलेंडर. सिलेंडरवाल्याला खाली मदतीला कोणी मिळालंच नव्हतं. त्याने मशीनची नळी काढली आणि आपल्या सिलेंडरची नळी पप्पांच्या नाकाला लावली. पप्पांनी पहिला श्वास घेतला... आणि माझ्या हाताखालच्या यूपीएसचा दिवा विझला. मशीन बंद पडलं. कोणी बटणाला हात लावला नव्हता.

त्या दोघांचं लक्ष नव्हतं. काकूंचं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग आम्ही पप्पांना खुर्चीवर बसवून खाली न्यायच्या गडबडीला लागलो.

कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये त्यांना काही दिवस ठेवलं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "एवढा वेळ लाईट नव्हती म्हणता, पण पेशंट तसा चांगल्या अवस्थेत आला. काय बॅकअप आहे तुमच्याकडे?" मी म्हटलं, यूपीएस. त्यांनी मान डोलावली. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

घरी आलो. यूपीएस परत टेबलाखाली लावला, हिरवा दिवा लागला. त्याच आठवड्यात लाईट पाच-एक मिनिटं गेली, आणि यूपीएस लाईटबरोबरच बंद. मॉनिटर काळा. मला वाटलं, त्या दिवशी एवढा ताण पडला, बॅटरी गेली असेल. कंपनीला फोन करून सर्व्हिसचा माणूस बोलावला.

तो उल्हासनगरहून आला. चाळिशीचा, चष्मा लावलेला, घाईत. मी टेबल पप्पांच्या खोलीत हलवलं होतं, म्हणजे काम करता करता लक्ष ठेवता येईल. त्याने यूपीएस आडवा केला. खालच्या बाजूला एक पिवळं स्टिकर होतं, ते मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्याने झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, बॅटरी जोडलेलीच नाही."

"म्हणजे?"

"नवीन पीस असा येतो. वाटेत शॉर्ट होऊ नये म्हणून एक वायर मोकळी ठेवतात. घरी आणल्यावर झाकण काढून जोडायची. स्टिकरवर लिहिलंय बघा. ही तुम्ही जोडलीच नाही. टोकावर प्लास्टिकची टोपी आहे अजून."

मी खाली वाकून बघितलं. लाल वायर, तिच्या टोकाला पांढरी टोपी, आणि टोपीवरून चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टीवर साधी सुरकुतीही नव्हती.

"पण हा चालला आहे," मी म्हटलं. "लाईट नसताना. हे मशीन चाललं ह्याच्यावर, दुपारभर."

त्याने ऑक्सिजनच्या मशीनकडे बघितलं. "हे? हे तर बॅटरी जोडून पण दुपारभर नाही चालणार. आणि हा पीस तर असा चालू पण होणार नाही. भिंतीत लावलेला असेल, तेव्हा करंट पुढे जातो, बस. तुमच्याकडे त्या दिवशी एखादी फेज चालू असेल, त्या प्लगला लाईट येत असेल."

"भिंतीत लावलेला नव्हता. पिन जमिनीवर होती."

"मग दुसरा पीस असेल मॅडम."

"घरात एकच आहे."

मग त्याने यूपीएस भिंतीत लावला, दिवा लागला. पिन काढली, विझला. परत लावला, परत काढला. मला म्हणाला, "तुम्ही करून बघा." मी केलं. पिन काढली की त्याच क्षणी बंद. काकूंना बोलावलं. काकूंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "जोडू का वायर?"

आणि मी हो म्हटलं नाही. का, ते मलाही माहीत नव्हतं. म्हणजे, थोडं माहीत होतं. मला वाटत होतं, जोडली तर तो नेहमीसारखा यूपीएस होईल. आणि नाही जोडली तर... पण मग परत लाईट गेल्यावर काय? असल्या भरवशावर पप्पांना कसं ठेवायचं? सर्व्हिसवाला वायर हातात धरून थांबलेला आणि मी नुसती उभी.

पलंगावरून पप्पा बोलले. आम्हाला वाटत होतं ते झोपलेत.

"जोड बाबा," ते त्या माणसाला म्हणाले. "दर वेळी ती कशी धरून बसेल?"

त्याने वायर जोडली, झाकण लावलं, मोबाईलवर माझी सही घेतली आणि चहा न घेता गेला.

संध्याकाळी पप्पांना खिमट भरवताना मी विचारलं, "पप्पा, ती कोण?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. शुद्धीवर होते, चेहरा स्वच्छ होता. "काय ती?"

"दुपारी म्हणालात ना. ती कशी धरून बसेल म्हणून."

"मी म्हटलं?" त्यांनी थोडा विचार केला. "ऑक्सिजन कमी झालेला असेल तेव्हा. तू ह्यात नको पडूस."

चिमट्यावर दुपारचा आकडा चांगला होता. मी स्वतः बघितला होता.

वायर जोडल्यानंतर यूपीएस अगदी दुकानदाराने सांगितलं तसाच वागायला लागला. लाईट गेली की टुक टुक, थोडा वेळ मॉनिटर, वायफाय, मग बंद. हात लावला तर गरम. सोसायटीची परवानगी आली, पप्पांसाठी इन्व्हर्टर बसवला. मॅडमचा फोन परत आला नाही.

काकूंचं म्हणणं, तुझी आईच ती. त्यांनी माझ्या आईला कधी पाहिलेलं नाही, तरी त्या हे ठामपणे सांगतात आणि मी ऐकून घेते. ऑफिसात एकजण इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, आत कपॅसिटर असतो, त्यात थोडा करंट साठून राहतो. किती वेळ पुरेल? तर म्हणाला, डोळा मिटून उघडेपर्यंत. दुकानदाराला विचारलं, त्याला वाटलं मी तक्रार करायला आलेय. इथे कोणी ह्या क्षेत्रातलं असेल तर जरूर सांगा. मला खरंच कारण हवंय. भुताचं नको, आशीर्वादाचं नको, विजेचं हवंय. अजून तरी कोणाला देता आलेलं नाही.

पप्पा त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. दुपारीच गेले. लाईट होती, मशीन चालू होतं, भरलेला सिलेंडर शेजारी उभा होता, इन्व्हर्टर पूर्ण चार्ज झालेला. कशाचीच कमतरता नव्हती. मी टेबलावरून उठून बघितलं तेव्हा श्वास थांबलेला होता. मशीन मात्र ऑक्सिजन सोडतच होतं.

मी नळी काढली. काकूंना हाक मारायच्या आधी मशीनचं बटण दाबलं आणि ते लगेच बंद पडलं. एवढ्या दिवसांच्या घरघरीनंतर घर एकदम शांत झालं. मी पायथ्याकडे बघितलं. मग पलंगाच्या कडेला, जिथे बसायला थोडी जागा होती तिथे, बसले आणि पप्पांचा हात हातात घेतला.